एकच सीझन खेळलेल्याची जर्सी रिटायर करावी का?

कॅरीकर_काका: आमच्याकडे काल जेवताना जुंपली. लेक अमेरिकेतल्या ड्यूक कॉलेजच्या बास्केटबॉल टीमची फॅन, मी आपला जिंकेल त्याचा. त्यांचा झायन विल्यमसन २०१९ चा नॅशनल प्लेअर ऑफ द इयर, तरी कॅमरन इनडोअरमध्ये, म्हणजे ड्यूकच्या स्टेडियममध्ये, त्याचा १ नंबर रिटायर करून (परत कोणाला न देता) वर टांगलेला नाही. लेक म्हणते एकच वर्ष खेळला, विषय संपला. अगं मग टेक्सस कॉलेजने केविन ड्युरांटची ३५ कशी रिटायर केली, तो पण एकच वर्ष होता ना! कोणाचं बरोबर?

झोपमोड्या: काका, ड्यूकला डिग्री लागते, वर्षं कोणी मोजत नाही. जे विल्यम्स तीन वर्षांत डिग्री उरकून गेला, त्याची २२ वर आहे. एल्टन ब्रँड १९९९ चा प्लेअर ऑफ द इयर, पण दोन वर्षांत एनबीएत गेला, त्याची नाही. मला पटतं हे. नाहीतर कॉलेजची टीम म्हणायचं कशाला

तीनपॉइंटवाला: पटत असेल तर डेव्हिडसन कॉलेज बघा. स्टेफ करीने २००९ ला कॉलेज सोडलं, डिग्री पूर्ण केली मे २०२२ मध्ये, तोवर ३० नंबर रिटायर केलाच नाही त्यांनी, ऑगस्टमध्ये केला. २००८ ला त्या एवढ्याशा कॉलेजला नॅशनल स्पर्धेत एलिट एटपर्यंत (शेवटच्या आठ टीम) नेणारा पोरगा, कॅन्ससकडून दोन पॉइंटने हरले, आणि त्याला एवढं थांबवलं. जरा अतीच वाटतं राव

टारहील_पुणेकर: यूएनसीत (नॉर्थ कॅरोलायना कॉलेजात) दोन प्रकार आहेत. जॉर्डनची २३ कायमची बंद, विन्स कार्टरची १५ नुसती वर टांगलेली, नंबर पोरांना मिळतो. कारण साधं आहे, रेफ्री फाउल करणाऱ्याचा नंबर बोटांनी दाखवतात म्हणून २०२३ पर्यंत कॉलेजात नंबरात ० ते ५ एवढेच अंक चालायचे, सगळे मिळून ३७ नंबर. सगळ्यांचे बंद केले तर नवीन पोरांनी काय घालायचं? आपल्याकडे शार्दूलने सचिनची १० घातली तर केवढा ट्रोल झाला बिचारा, शेवटी ५४ घेतली 😅

माहेर_नाशिक: पोरींचं कोणी बोलेचना! कॅटलिन क्लार्क, चार वर्षं, ३,९५१ पॉइंट, डिग्रीसकट. आयोवा कॉलेजने फेब्रुवारी २०२५ मध्ये २२ रिटायर केली, तिथे कोणी वाद घातला नाही.

कॅरीकर_काका: लेकीला वाचून दाखवलं. म्हणते, “बाबा, म्हणजे झायनला अजून चान्स आहे, तीन वर्षांचे क्लासेस तेवढे राहिलेत.” मी फोन ठेवला आणि भांडी घासायला गेलो.