मदत हवी आहे: अमेरिकेतल्या कॉलेजच्या मॅचेसचे टीव्हीवाले पैसे जातात कुठे?

वैतागराव
लेकीच्या फीचं बिल आलंय, शुक्रवारपर्यंत भरायचंय. त्यात 'अ‍ॅथलेटिक्स फी' अशी वेगळी ओळ आहे, काहीशे डॉलरची. लेक खेळत नाही, मॅच बघत नाही. आणि दुसरीकडे रोज बातम्या, अमुक कॉन्फरन्सला (म्हणजे एकत्र खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाला) टीव्हीचे इतके अब्ज, तमुकला तितके. मग आमच्या खिशात हात कशाला? चॅनेलवाले कॉन्फरन्सला पैसे नक्की कसे देतात आणि ते पुढे कुठे मुरतात, कोणी सरळ सांगेल का? 'गूगल करा' म्हणणाऱ्यांना आधीच नमस्कार.

डरहमची_वहिनी
कुठली कॉन्फरन्स? सरकारी विद्यापीठ की खासगी? त्याशिवाय काय सांगणार?

अँटेनावाला
केबल बंद करा आणि छतावर अँटेना लावा. एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स फुकट दिसतात. शनिवारचे मोठे सामने त्यावरच असतात. आमचे महिन्याला शंभरेक डॉलर वाचतात.

वैतागराव
माझ्याकडे टीव्हीच नाही हो. केबल कुठून आली मध्येच?
वहिनी, सरकारी. एसीसी, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स. त्याने काय फरक पडतो?

पेठेतला_पंत
एवढं काय अवघड आहे? आयपीएलसारखंच. 2023 ते 2027 चे हक्क 48,390 कोटींना गेले, त्यातला वाटा संघांना मिळतो. तिकडेही तेच.
अवांतर: आमच्या वेळी विद्यापीठाच्या कबड्डी संघाला सामन्यानंतर केळी मिळायची. माणशी एक.

डरहमची_वहिनी
पंत, आयपीएलच्या संघाला मालक असतो, नफा तो घरी नेतो. इथे कॉन्फरन्स कागदोपत्री ना-नफा संस्था असते आणि पैसे विद्यापीठाच्या क्रीडा विभागात जातात.

वैतागराव, फरक पडतो, कारण प्रत्येक कॉन्फरन्सचा करार वेगळा. 1984 पर्यंत फुटबॉलच्या (अमेरिकन फुटबॉल हो) कुठल्या मॅचेस दाखवायच्या हे एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांची देशपातळीवरची संस्था, ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी कोर्टात खेचलं आणि सुप्रीम कोर्टाने 7 विरुद्ध 2 असा निकाल देऊन तो मक्ता मोडला. तेव्हापासून हक्क ज्याच्या त्याच्याकडे. पण एकटंदुकटं विद्यापीठ ईएसपीएनपुढे काय घासाघीस करणार? नोत्र दाम विद्यापीठाची गोष्ट सोडा, त्यांचा फुटबॉलचा एनबीसीशी 1991 पासून स्वतंत्र संसार आहे. बाकीचे आपले हक्क कॉन्फरन्सला लिहून देतात, कॉन्फरन्स ते एकगठ्ठा विकते आणि आलेला पैसा वाटते.

एसीसीचा करार ईएसपीएनशी, 2036 पर्यंत. 2022-23 मध्ये एका विद्यापीठाला सरासरी साडेचार कोटी डॉलरच्या आसपास मिळाले, त्यात टीव्हीचा वाटा सगळ्यात मोठा. बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्सवाल्यांना त्याच वर्षी सहा कोटींच्या घरात.

बकआय_भाऊ
सहा कोटी जुने झाले! आमचा बिग टेनचा नवा करार ऑगस्ट 2022 चा, फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी तिघांशी, सात वर्षं, 700 कोटी डॉलरच्या वर. शनिवारी दुपारी फॉक्स, मग सीबीएस, रात्री एनबीसी. एसीसीने 2036 पर्यंत स्वतःला बांधून घेतलं ही त्यांची हुशारी.

डरहमची_वहिनी
भाऊ, तुमच्याकडे रटगर्स आणि मेरिलंड ही विद्यापीठं 2014 मध्ये काय फुटबॉल बघून घेतली होती का? न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनच्या केबलसाठी घेतली.

वैतागराव
भांडण नंतर करा. केबलचा संबंध काय?

डरहमची_वहिनी
तोच तर. चॅनेलचं उत्पन्न दोन वाटांनी येतं. एक जाहिराती. दुसरी वाट म्हणजे केबल कंपनी दर घरामागे दर महिन्याला ठरावीक रक्कम चॅनेलला देते, त्या घरात कोणी मॅच बघो वा न बघो. कॉन्फरन्सची स्वतःची चॅनेलंही आहेत: बिग टेन नेटवर्क 2007 मध्ये निघालं, एसईसी या दक्षिणेकडच्या कॉन्फरन्सचं 2014 मध्ये, एसीसीचं 2019 मध्ये. कॉन्फरन्सच्या स्वतःच्या राज्यात हा दर जास्त, बाहेर कमी. म्हणून नवं विद्यापीठ घेताना संघ किती जिंकतो याआधी गावात किती टीव्ही आहेत ते मोजतात. डॅलसचं एसएमयू विद्यापीठ तर नऊ वर्षं टीव्हीचे पैसे न घेण्याच्या बोलीवर एसीसीत आलं. स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कली) सुरुवातीला 30 टक्के वाट्यावर.

जाहिरातींचं म्हणाल तर स्टेडियममध्ये बसून बघा एकदा. मध्येच लाल टोपीवाला माणूस मैदानात येऊन उभा राहतो. तो उभा आहे तोवर टीव्हीवर जाहिराती चालू. शंभर-सव्वाशे किलोचे खेळाडू कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत बसतात. तो बाजूला झाला की खेळ सुरू. माझ्या सासूबाईंना वाटलं होतं तोच कॅप्टन.

पेठेतला_पंत
सासूबाईंना साष्टांग!

नवी_जर्सी_काकू
मार्च मॅडनेसचे, म्हणजे कॉलेज बास्केटबॉलच्या मोठ्या स्पर्धेचे, पैसे राहिले की. सगळे विसरतात.

बकआय_भाऊ
काकू, ते एनसीएएला मिळतात, सीबीएस आणि टर्नरकडून, 2032 पर्यंत. त्यातला एक भाग संघांनी स्पर्धेत खेळलेल्या सामन्यांप्रमाणे कॉन्फरन्सकडे. फुटबॉलच्या प्लेऑफचा करार आणखी वेगळा, ईएसपीएनशी, 2026 पासून वर्षाला सुमारे 130 कोटी. त्यात बिग टेन आणि एसईसी प्रत्येकी 29 टक्के, एसीसी 17. मी फक्त आकडे सांगतोय, हसत नाहीये.

वैतागराव
साडेचार कोटी घेऊनही माझ्याकडून फी? मूळ प्रश्न तिथेच आहे.

डरहमची_वहिनी
कारण जितके येतात तितके जातात. बहुतेक ठिकाणी फुटबॉल आणि बास्केटबॉल कमावतात, त्यावर पोहणं, रोइंग, टेनिस, कुस्ती सगळं चालतं. स्टेडियमचं कर्ज. प्रशिक्षकांचे पगार तर विचारू नका. टेक्सस ए अँड एमने 2023 मध्ये जिंबो फिशरना *काढून टाकण्याचे* साडेसात कोटींच्या वर कबूल केले. आणि आता खेळाडूंनाही थेट पैसे. खेळाडूंच्या खटल्यातल्या जून 2025 च्या समझोत्याने पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला 2 कोटी 5 लाखांपर्यंत द्यायची मुभा मिळाली. ते कुठून तरी काढणारच. फी ही सगळ्यात सोपी जागा, पालक कुरकुरतात आणि भरतात.

शिवाय एसीसीत आता समान वाटपही राहिलं नाही. फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन ही एसीसीतलीच विद्यापीठं तिच्याविरुद्ध कोर्टात गेली होती, मार्च 2025 मध्ये तडजोड झाली. टीव्हीच्या मूळ रकमेतले 60 टक्के प्रेक्षकसंख्येप्रमाणे, 40 टक्के सारखे. ज्यांच्या मॅचेस कोणी बघत नाही त्यांचा वाटा घटला. तुमच्या लेकीचं विद्यापीठ त्यातलं असेल तर फी कमी व्हायची वाट बघू नका.

नवी_जर्सी_काकू
खेळाडूंना पैसे द्यायलाच हवेत. डोकी फुटतात पोरांची.

पेठेतला_पंत
विद्यापीठ शिकण्यासाठी असतं. एवढं बोलून मी थांबतो.

नवी_जर्सी_काकू
थांबाच.

वैतागराव
ठीक, व्यवहार कळला. आता ही फी माफ करून घ्यायची काही सोय? लेक या सेमिस्टरला माद्रिदला आहे, कॅम्पसवर पाऊलही टाकणार नाही.

डरहमची_वहिनी
अहो हे पहिल्या ओळीत लिहायचं ना! परदेशी सेमिस्टर असेल तर बऱ्याच ठिकाणी कॅम्पसच्या फिया लागत नाहीत, किंवा अर्ज केला की वगळतात. स्टुडंट अकाउंट्सला आजच ईमेल करा, तिचा आयडी नंबर आणि परदेशातल्या प्रोग्रॅमचं पत्र जोडून. शुक्रवारच्या आत. नंतर रिफंड मागत बसाल.

वैतागराव
माद्रिदचा आणि टीव्हीचा काय संबंध म्हणून नव्हतं लिहिलं. करतो ईमेल. धन्यवाद.

अँटेनावाला
माद्रिदला अँटेनावर काय काय दिसतं, कोणाला माहीत आहे का?