नोकरीचा निर्णय: 'विश्वासाच्या मुळाशी जा' म्हणजे नेमकं काय करायचं?

चर्चगेट_स्लो

खाजगी बँकेत रिलेशनशिप मॅनेजरची ऑफर आहे, शाखा अंधेरीला. पगार आत्ताच्या दीडपट. महिन्यातून दोन रविवार सोसायट्यांमध्ये स्टॉल लावायचा आणि विमा पॉलिसींचं टार्गेट. उत्तर द्यायला दहा दिवस आहेत.

चर्चमध्ये ज्याला विचारावं तो म्हणतो, 'विश्वासाच्या मुळाशी जा, आपोआप कळेल.' कसं जायचं ते कोणी सांगत नाही. एकाने सुचवलं, 'हो' आणि 'नाही' अशा चिठ्ठ्या कर, प्रार्थना कर, एक उचल. दुसऱ्याने सांगितलं, डोळे मिटून बायबल उघड, बोट पडेल ते वचन तुझं. तिसरीने माहीमच्या चर्चमध्ये सलग नऊ बुधवार प्रार्थनेला जायला सांगितलं. नववा बुधवार उजाडेपर्यंत ऑफर उडालेली असेल! कागद-पेन घेऊन करता येईल अशी काही रीत आहे का?

गावठाणकर

आहे, आणि चांगली जुनी आहे. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचं 'आध्यात्मिक साधना' हे पुस्तक १५४८ मध्ये छापलं गेलं. निवड कशी करावी यावर त्यात एक अख्खा भाग आहे. पण त्याच्याही आधी एक छोटा परिच्छेद येतो, त्याचं नावच 'तत्त्व आणि पाया'. माणूस देवाची स्तुती, आदर आणि सेवा करण्यासाठी आहे. बाकी सगळं, म्हणजे पैसा, तब्येत, मानमरातब, त्यासाठीचं साधन. उपयोगी पडेल तेवढं घ्यायचं, आड येईल तेवढं सोडायचं. तुम्हाला जो 'मूळ' शब्द सांगतात तो हा.

बहुतेकांचं गणित इथेच उलटं होतं. नोकरी आधी मनात पक्की करतात आणि मग तिच्यात देवाला कुठे बसवता येईल ते शोधतात. इग्नेशियसने ही चूक नेमकी पकडली आहे.

आता कागद. वर प्रश्न एका वाक्यात लिहा: 'ही ऑफर घेऊ की आहे तिथेच राहू?' 'माझ्यासाठी देवाची योजना काय' असं लिहिलंत तर दहा दिवस काय, दहा वर्षं पुरायची नाहीत. मग तराजूचा काटा मध्यावर आहे का बघा. नकाराचा मेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवा. नुसता वाचूनच जीव कासावीस होत असेल तर काटा झुकलेला आहे. आधी तो झुकाव सुटावा म्हणून प्रार्थना करा, उत्तरासाठी नंतर.

त्यानंतर चार रकाने: घेतली तर फायदे, घेतली तर तोटे, नाही घेतली तर फायदे, नाही घेतली तर तोटे. दोनच रकाने का नाहीत? कारण 'घेतल्याचे तोटे' आणि 'न घेतल्याचे फायदे' एकच वाटतात, पण नसतात. दुसऱ्या रकान्यात 'दोन रविवार गेले' येईल. 'आत्ता साडेसहाला सुटून आठपर्यंत घरी पोचतो, मुलांचा अभ्यास होतो' हे मात्र तिसऱ्या रकान्यातच सापडतं, कारण जे रोज हातात असतं ते तोटा मोजताना आठवत नाही. ओळी मोजू नका, वजन बघा. 'साडूला कळलं पाहिजे' छापाच्या ओळी सरळ खोडा.

अडलात तर इग्नेशियसचेच तीन प्रश्न आहेत: अगदी अनोळखी माणूस हीच अडचण घेऊन आला तर त्याला काय सांगाल? मरणाच्या वेळी काय निवडलेलं बरं वाटेल? न्यायाच्या दिवशी? पहिला सर्वांत कामाचा. दुसऱ्याला सल्ला देताना आपण लबाडी कमी करतो.

निर्णय झाला की तो देवापुढे ठेवा आणि दोन-तीन दिवस कोणाला सांगू नका. आणि एक नियम पाळाच: मन उदास, कोरडं असताना आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. साहेबाशी भांडण झालेल्या रात्री ऑफर स्वीकारू नका.

वचनसेवक

चिठ्ठ्या आणि बोट ठेवणं याबद्दल प्रोटेस्टंट बाजूने. हे कौल लावणंच झालं, फक्त गुरवाच्या जागी आपण.

प्रेषितांची कृत्ये १:२६ मध्ये चिठ्ठ्या टाकून नवा प्रेषित म्हणून मत्थियाची निवड झाली हे खरं. पण ते पन्नासाव्या दिवसाच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवसाच्या, आधीचं. त्यानंतर मंडळीने चिठ्ठ्या टाकून काही ठरवल्याचं नव्या करारात कुठे येत नाही. यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करावी का, हा मोठा वाद आला तेव्हा (अध्याय १५) काय केलं? लोक बसले, खूप चर्चा झाली, पेत्राने घडलेलं सांगितलं, पौल-बर्णबाने सांगितलं, याकोबाने शास्त्राशी ताडून पाहिलं आणि मग पत्र लिहिलं. अनुभव, शास्त्र, एकत्र विचार. गिदोनाने लोकर अंथरून देवाकडे खूण मागितली (शास्ते ६), हा तर उलटाच दाखला. काय करायचं ते देवाने त्याला आधीच सांगितलं होतं. लोकर त्याच्या भीतीतून आली.

बोट पडलेलं वचन फसवतं कसं ते बघा. यिर्मया २९:११, हिताची योजना आणि भविष्याची आशा, कॅलेंडरवर हमखास असतं. एक ओळ वर सरका: बाबेलात सत्तर वर्षं भरल्यावर. पत्र बंदिवासातल्या लोकांना आहे, बढतीचं नाही. मत्तय ४ मध्ये सैतानसुद्धा ९१ वं स्तोत्रच वापरतो, आणि येशू त्याला शास्त्रातूनच उत्तर देतो.

त्यापेक्षा मत्तय ५ ते ७, येशूचं डोंगरावरचं प्रवचन, सलग वाचा. १११ वचनं आहेत, अंधेरी ते दादर स्लो गाडीत होतात. सलग तीन-चार दिवस तेच वाचा.

चर्चगेट_स्लो

चार रकान्यांचं आजच करतो. दोन गोष्टी राहिल्या. आम्ही कॅथोलिक आहोत, तर रविवारचं काय? आणि विम्याचं टार्गेट चारपैकी कुठल्या रकान्यात घालायचं?

मोतमावलीची_वाट

रविवारचं सोपं आहे. कॅनन लॉ, म्हणजे चर्चचा कायदा, कलम १२४८ प्रमाणे शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेने (चर्चमधल्या उपासनेने) रविवारी मिस्सेला जायचं कर्तव्य पूर्ण होतं. मिस्सा बुडत नाही. विश्रांती आणि घरच्यांबरोबरचा दिवस बुडतो, तो मात्र रकान्यात लिहा.

विमा रकान्यात घालूच नका. रकाने दोन चांगल्या किंवा निदान निर्दोष पर्यायांसाठी असतात. जे मुळातच पाप, त्याचा तोल करायचा नसतो. कॅथोलिक धर्मशिकवण कुठल्याही कृतीत तीन गोष्टी तपासायला सांगते: कृती, हेतू, परिस्थिती. मुलांची फी हा हेतू चांगलाच आहे. पण मुदत ठेव करायला आलेल्या म्हाताऱ्याला 'ही पण एफडीच आहे' म्हणून दहा वर्षं हप्ते भरायची पॉलिसी चिकटवली तर ती खोटी साक्ष, हेतू काहीही असो. विमा विकणं स्वतः पाप नाही, समजावून विकता येतो. तेव्हा प्रश्न माहितीचा आहे आणि माहिती प्रार्थनेने मिळत नाही, विचारावी लागते. महिन्याला किती पॉलिसी? टार्गेट चुकलं तर काय होतं? पगारातला किती भाग इन्सेंटिव्ह? त्या शाखेतून वर्षभरात सोडून गेलेल्या कोणाला तरी गाठा आणि चहा पाजून विचारा, 'खरं सांगून टार्गेट पुरं होतं का?' तो हसला तर समजून घ्या.

माहीमचा बुधवार जरूर करा. वांद्र्याच्या मोत मावलीला (माउंट मेरीला) मेणाचं घर वाहतात तसंच तेही मागणं आहे, हो-नाहीचं यंत्र नाही. एका बुधवारीही मागता येतं.

गावठाणकर

विम्याचं पटलं, ते माझ्याकडून सुटलं होतं. क्रम तसाच हवा, आधी ही गाळणी, मग रकाने. आणि ऑफर लेटरमध्ये वीक-ऑफ कुठला लिहिलाय ते आजच बघा. 'दोन रविवार' तोंडी असेल तर चार धरून लिहा.