शब्दचर्चा : मर्म, वर्म, नस, शीर, स्नायू. नेमकं कशाला काय म्हणायचं?

रावपुरेकर

बडोद्यातल्या आमच्या आखाड्यात संध्याकाळी मुलामुलींना लाठी, जंबिया आणि थोडी कुस्ती शिकवतो. यंदा डावांआधी शरीर शिकवायचं ठरवलंय. कुठे काय आहे, कुठे मार बसला तर काय होतं, आणि बसलाच तर आधी काय करायचं. त्यासाठी भिंतीवर लावायला एक मराठी तक्ता करतोय आणि शब्दांपाशी अडलोय. प्राचीन शल्यवैद्य सुश्रुताच्या शारीरस्थानाचं (त्याच्या ग्रंथातल्या शरीररचनेच्या भागाचं) मराठी भाषांतर, ॲक्युप्रेशरचं एक हिंदी पुस्तक आणि गुजराती शाळेतला शरीराचा तक्ता, असं तिन्ही समोर आहे. 'स्नायू' तिन्हींत आहे, पण प्रत्येकात तो वेगळ्याच गोष्टीला म्हटलाय. पोरं तर सगळ्यालाच 'नस' म्हणतात. शिवाय 'प्रेशर पॉइंट'ला 'मर्म' लिहावं का? जाणकारांनी सांगावं.

अस्थिसंधी

रावपुरेकर, हे तक्ता रंगवण्याआधी विचारलंत ते फार बरं केलंत. फिजिओथेरपीच्या कामात मला रोज मराठी, गुजराती आणि हिंदी बोलणारे रुग्ण भेटतात, आणि हा घोळ रोज निस्तरावा लागतो.

आधी 'स्नायू'. मराठीत आणि गुजरातीत स्नायू म्हणजे आकुंचन पावणारं मांस, दंडाची बेटकुळी फुगते ते. हिंदीत 'स्नायु तंत्र' म्हणजे आपली मज्जासंस्था, म्हणून तुमच्या हिंदी पुस्तकातला स्नायु हा बहुधा आपला मज्जातंतू असणार. सुश्रुताचा स्नायु या दोन्हींहून निराळा. हाडं आणि सांधे बांधून ठेवणारे चिवट बंध म्हणजे त्याचे स्नायु, आज ज्यांना आपण अस्थिबंध (हाडाला हाड बांधणारे) आणि कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या) म्हणतो ते. त्याने दाखलाच दिलाय की फळ्यांची नाव पुष्कळ बंधांनी आवळून बांधली की भार पेलते, तसं हे शरीर सांध्यासांध्याला स्नायूंनी बांधलेलं आहे. तेव्हा त्याची २७ स्नायुमर्मं (मर्म म्हणजे इजा झाली तर घात होतो अशी नाजूक जागा) तक्त्यावर मांसल भागात दाखवू नका. अंस घ्या, कक्षधर घ्या, क्षिप्र घ्या, त्यातली बरीचशी बंधांच्या आणि सांध्यांच्या जवळ आहेत.

मग मांसाला सुश्रुत काय म्हणतो? पेशी. त्या ५०० सांगितल्यात. मराठी वाचक हे वाचून चक्रावतो, कारण आपल्याकडे पेशी म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी जीवपेशी. हिंदीत मात्र 'मांसपेशी' शाबूत आहे.

रक्तवाहिन्यांचंही तसंच. मराठी पुस्तकांत रोहिणी आणि नीला, हिंदी-गुजरातीत धमनी आणि शिरा. आता सुश्रुताच्या 'नीला' पाहा. कंठनाडीच्या (श्वासनलिकेच्या) दोन्ही बाजूंना त्याने चार धमन्या सांगितल्या, दोन नीला आणि दोन मन्या. तिथे इजा झाली तर वाचा जाते, आवाज बिघडतो, चव कळेनाशी होते. शाळेत 'अशुद्ध रक्त वाहून नेते ती नीला' असं शिकलेलं पोर हे वाचून काय समजेल, याचा विचार करा. आजच्या शरीरशास्त्राप्रमाणे जबड्याच्या कोनाखाली मानेतली मोठी रोहिणी दुभंगते आणि तिथे रक्तदाबावर लक्ष ठेवणारा भाग असतो. त्यावर जोराचा दाब आला की नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो आणि माणूस उभ्याउभ्या कोसळू शकतो. मुलांना गळ्याचे डाव शिकवूच नयेत, हे माझं ठाम मत आहे.

राहिली 'नस'. तिच्याबद्दल पोरांना रागवू नका, त्यांच्या हाताला हात लावून दाखवा. कोपराच्या आतल्या बाजूचं हाडाचं टोक चाचपायला सांगा. ते टोक आणि कोपराचं मागचं हाड यांच्यामध्ये एक खाच लागते. त्या खाचेत बोट हळूच आडवं फिरवलं की बोटाखालून काहीतरी गोलसर सरकतं आणि करंगळीत झिणझिण्या येतात. करंगळीत आणि अनामिकेच्या तिच्याकडच्या अर्ध्या बाजूत, बस्स. अंगठ्याकडे काहीही जात नाही. हा मज्जातंतू. आता मनगटावर या. अंगठ्याच्या बाजूला ठोके लागतात ती रोहिणी. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट जरासं आत वाकवलं की मधोमध एक दोरी वर येते, ती कंडरा. (ती सगळ्यांना नसते. काहींना जन्मतःच नसते आणि त्यांच्या पकडीचं त्यावाचून काही अडत नाही.) या तिघांनाही आपण 'नस' म्हणतो. पहिली दाबली तर हात बधिर होतो, दुसरी कापली तर रक्ताची चिळकांडी उडते, तिसरी तुटली तर ओढ जाते. तीन इजा, तीन उपचार आणि शब्द एकच. म्हणून तक्त्यावर 'नस' हा शब्द कुठेही नको. मज्जातंतू, रोहिणी, नीला, कंडरा, अस्थिबंध, स्नायू, हे सहा शब्द मुलांना पाठ झाले की पुरे.

दांडियाबाजार

वरचं सगळं पटलं, पण बोलीतले शब्द इतक्या सहज टाकून देऊ नका. मुलगा पडल्यावर 'माझा अस्थिबंध ताणला' म्हणणार नाही. तो म्हणेल पाय मुरगळला. खांदा निखळणं वेगळं, पाय मुरगळणं वेगळं, कंबर लचकणं वेगळं, पाठीत उसण भरणं वेगळं, पोटरीत गोळा येणं वेगळं. प्रत्येक शब्द आपापली इजा अचूक सांगतो. आपल्या बडोद्यात यात गुजराती मिसळतं. मुरगळण्याला शेजारी 'मचकोड' म्हणतात, खांदा निखळला तर 'खभो उतरी गयो', आणि ते ऐकून ऐकून आपली मराठी पोरंही 'खांदा उतरला' म्हणतात. पोटात दुखलं की हिंदीवाले नाभी सरकली म्हणतात, गुजराती 'पेचोटी खसी गई'. तक्त्याच्या एका कडेला हे शब्द यायलाच हवेत.

आणि ही परंपरा बडोद्याला नवी नाही. आखाड्याचे वस्ताद जुम्मादादा यांचे शिष्य प्रो. माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात कुस्ती, मल्लखांब आणि शस्त्रं शिकवली जात, आणि त्याच हातांनी निखळलेले सांधे बसवले जात. लोक हाडं बसवून घ्यायला त्यांच्याकडे येत. मराठीत हाडवैद्य, गुजरातीत हाडवैद, दोन्ही भाषांत एकच शब्द. योगाचे अभ्यासक स्वामी कुवलयानंद १९०७ ते १९१० या काळात इथेच माणिकरावांच्या हाताखाली घडले आणि पुढे १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली. शब्दांपुरतं आणखी एक. सामुदायिक कवायतीच्या इंग्रजी आज्ञा बदलून माणिकरावांनी देशी आज्ञा रूढ केल्या. दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोशही बडोद्यातच तयार झाला. तेव्हा रावपुरेकर, तुमचा तक्ता योग्य गावात होतोय.

रावपुरेकर

दोघांचेही आभार. कडेला बोलीचे शब्द नक्की घेतो. पण 'प्रेशर पॉइंट'चं काय? मुलं मोबाइलवर व्हिडिओ बघून येतात आणि विचारतात, सर, बोट लावल्यावर माणूस पडतो ते मर्म कुठलं?

अस्थिसंधी

प्रेशर पॉइंटला 'मर्म' लिहू नका. 'दाबबिंदू' लिहा.

सुश्रुताची १०७ मर्मं म्हणजे मांस, सिरा, स्नायु, अस्थि आणि संधी एकत्र येतात अशा जागा, जिथे स्वभावतःच प्राण विशेषेकरून राहतात. ही यादी त्याने शस्त्रक्रिया करणाऱ्यासाठी केली. मर्मज्ञान हे शल्यशास्त्राचं अर्धं अंग आहे, असं तो म्हणतो. सुरी कुठे चालवायची नाही, हे कळावं म्हणून. शरीर आतून कसं बघायचं तेही त्याने सांगितलंय. प्रेत मुंज, वल्कल, कुश अशांनी गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, नदीच्या पाण्यात सात रात्री ठेवायचं आणि मग वाळ्याच्या, बांबूच्या कुंचल्याने हळूहळू खरवडत एकेक थर डोळ्यांनी पाहायचा. मर्मांच्या अध्यायात मर्म दाबून रोग बरा करायची कृती कुठेही नाही.

इजेच्या परिणामावरून त्याने पाच वर्ग केलेत. सद्यःप्राणहर (लगेच जीव घेणारी) १९, कालांतरप्राणहर (काही काळाने जीव घेणारी) ३३, विशल्यघ्न ३, वैकल्यकर ४४ आणि रुजाकर (वेदना देणारी) ८. सर्वांत मोठा वर्ग वैकल्यकर, म्हणजे जीव वाचतो पण अंग अधू होतं. गुडघा आणि कोपर त्यात येतात. मुलांना तुम्ही हेच दाखवा, कारण आखाड्यात खरी भीती याचीच असते. विशल्यघ्न तीन जागा तर प्रथमोपचाराचा धडाच आहेत. तिथे बाण रुतला असेल तोवर माणूस जगतो, उपटला की मरतो. अंगात खोल घुसलेली वस्तू घटनास्थळी उपटू नका, ती हलणार नाही अशी बांधा आणि रुग्णालयात न्या, असं आजही शिकवतात.

दाबबिंदू ही चिनी परंपरा. तिच्यात ३६१ प्रमाणित बिंदू आहेत आणि ते शरीरात कल्पिलेल्या ऊर्जेच्या मार्गांवर मांडलेले आहेत, सिरा-स्नायूंच्या संगमावर नाहीत. दोन्ही परंपरा बोटांच्या रुंदीने अंतर मोजतात आणि काही जागा जवळजवळ एकच आहेत. अंगठा आणि तर्जनीमधली जागा घ्या. तिथे चिनी पद्धतीत डोकेदुखीसाठी दाब देतात, आणि तिथेच सुश्रुताचं क्षिप्र मर्म आहे, ज्याच्या वेधाने आचके येऊन मरण येतं असं तो सांगतो. जागा एक असली तरी एक जण दाबाबद्दल बोलतोय आणि दुसरा शस्त्राच्या जखमेबद्दल. दोघांना एकच शब्द दिला तर मुलं एक तर दाबायला भितील, नाही तर मारायला भिणार नाहीत.

मळमळीसाठी मनगटाच्या आतल्या बाजूला, वळीपासून तीन बोटं वर, दोन कंडरांच्या मध्ये दाब देतात. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर त्याचा उपयोग तपासण्यांत दिसला आहे. हे मुलांना बिनधास्त शिकवा.

बोट लावून माणूस पाडायचं म्हणाल, तर केरळच्या कळरिपयट्टू या युद्धकलेत मर्मविद्या परंपरेने सर्वांत शेवटी देतात. आधी अंगाची तयारी, मग लाकडी शस्त्रं, मग धातूची, आणि मग रिकाम्या हाताची लढाई. तेच गुरू तेल लावून मर्दनही करतात. मारायची जागा ज्याला दाखवली त्याला बरं करायचा हातही दिला, ही त्यांची शिस्त मला फार मोलाची वाटते.

सुरसागरकाठ

'वर्म' राहिलं. मराठीतलं वर्म हे मर्माचंच रूप. वर्मी घाव, वर्मावर बोट, वर्मी लागणं. संस्कृतातलं 'वर्मन्' मात्र चिलखत, त्याचा याच्याशी संबंध नाही. तमिळमध्येही या विद्येला 'वर्मम्' म्हणतात. आणि 'जिव्हाळी' विसरू नका. नख खोल कापलं की जिव्हाळी लागते, तो नखाखालचा नाजूक भाग. लहान मुलांना 'मर्म' समजावताना हाच शब्द सर्वांत आधी पोचतो, कारण तिथलं दुखणं प्रत्येकाने भोगलेलं असतं.

रावपुरेकर

एक शेवटचं. शंख मर्माला तक्त्यावर 'कानशील' लिहिलं तर चालेल ना?

अस्थिसंधी

लिहा, पण बाण अचूक काढा. 'कानशिलात लगावली' म्हणतो तेव्हा हात गालाकानावर बसतो. तिथे धोका कानाच्या पडद्याला असतो. शंख त्याच्या वर आणि पुढे, भुवईच्या शेपटाच्या वर, कान आणि कपाळ यांच्या मध्ये. सुश्रुताने तो अस्थिमर्मांत घातलाय आणि सद्यःप्राणहर म्हटलंय. कवटीचं हाड तिथे पातळ असतं आणि आतून एक रोहिणी त्याला लागून जाते. ती फुटली तर माणूस आधी ठीक दिसतो, बोलतो, घरी जातो आणि काही तासांत बेशुद्ध होतो. म्हणून तिथे लाठी लागलेल्या मुलाला 'काही नाही झालं' म्हणून घरी पाठवायचं नाही. डोकेदुखी वाढली, उलटी झाली किंवा पोर झोपाळू झालं तर थेट इस्पितळ गाठायचं.

खांद्याच्या चित्रापाशीही एक ओळ टाका. खांदा निखळला तर ओढू नका, झोळी बांधा. खांद्याच्या बाहेरच्या गोलाईवर स्पर्श कळतो का आणि मनगटाला ठोके लागतात का, हे बघून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. सांध्यालगतचा मज्जातंतू किंवा रोहिणी दुखावली असेल तर तिथेच कळतं.

दांडियाबाजार

तक्ता झाला की अक्षरं तपासायला मला बोलवा. आणि गुजराती शब्द मराठीच्या शेजारीच, त्याच आकारात लिहा. तुमच्याकडे निम्मी मुलं तीच असतील.