मदत हवी आहे : जन्मताना गुंतागुंत झाली म्हणून मूल पुढे गुन्हेगार होतं का?

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला, सिडकोत राहतो. माझा भाचा पाच वर्षांचा आहे. जन्मताना नाळ मानेभोवती होती, लगेच रडला नाही, काचेत ठेवावं लागलं. आता बालवाडीत मुलांना मारतो, चावतो. त्यात कुणीतरी ताईला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की अशी मुलं मोठेपणी गुन्हेगार होतात. (असले मेसेज पाठवणाऱ्यांना काय मिळतं देव जाणे.)

मी शोधलं तेव्हा गुन्हेगारीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ एड्रियन रेन यांचा 1994 चा अभ्यास सापडला. डेन्मार्कमधल्या कोपनहेगनमध्ये जन्मलेल्या 4,269 मुलग्यांची 18 व्या वर्षापर्यंतची नोंद त्यात आहे. जन्मावेळची गुंतागुंत आणि पहिल्या वर्षात आईने नाकारलेलं असणं, म्हणजे नकोसं गरोदरपण, बाळाला संस्थेत ठेवणं वगैरे, हे दोन्ही असलेली मुलं 4.5 टक्के होती, पण हिंसक गुन्ह्यांपैकी 18 टक्के त्यांच्याकडून झाले. नुसत्या गुंतागुंतीने धोका वाढलेला दिसला नाही. हे मी ताईला दहादा सांगितलं, पण भावाचं ऐकतंय कोण! डॉक्टरांनी सांगितलं तर पटेल.

तर नाशिकमध्ये मुलांचा विकास आणि वर्तन बघणारे, घाई न करता बोलणारे डॉक्टर कुणाला माहीत आहेत का? सिव्हिलमध्ये लहान मुलांच्या अशा तपासणीची सोय आहे का, कुठल्या वारी जावं? जन्माच्या वेळचे कागद, डिस्चार्ज कार्ड लागतं का? ते सध्या सापडत नाहीये.

कृपया घाबरवणारे फॉरवर्ड इथे नकोत. ताईही या ग्रुपवर आहे.