श्रावणात एकदम दारू बंद करणाऱ्यांचं घरच्यांनी काय करावं?

सत्तरीकर
वाड्यावरच्या स्वयंसहाय्य गटात दरवर्षी श्रावणाच्या तोंडावर हाच विषय निघतो. रोज एक-दोन क्वार्टर पिणारे देवासमोर नारळ ठेवून गणेश चवथीपर्यंत बंद करतात. दुसऱ्या दिवसापासून हात थरथरतात, झोप उडते, कुणाला भिंतीवर माणसं दिसतात, आणि घरचे गाऱ्हाणं घालायला धावतात. काही बायका जेवणात गुपचूप घालायची पावडर मागवतात. जाणकारांनी सांगावं : घरी कुणाची सोडवता येते, बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत कुणाला न्यायचं, पावडर चालते का, आणि जबरदस्तीने केंद्रात ठेवता येतं का?

मात्रा_म्हापसा
आधी हिशेब. क्वार्टर म्हणजे 180 मिली. 42.8 टक्के दारूत त्यातून साधारण 60 ग्रॅम अल्कोहोल पोटात जातं. एक ड्रिंक 10 ग्रॅमचं धरलं तर सहा ड्रिंक झाले. 8 टक्क्यांची स्ट्राँग बिअर 650 मिली घेतली की चार. त्यामुळे 'तो फक्त बिअर पितो' याला अर्थ नाही.

रोजची दारू मेंदूला दाबून ठेवते, म्हणून मेंदू स्वतःची उत्तेजना वाढवून घेतो. दारू अचानक काढली की ती उत्तेजना मोकाट सुटते. शेवटच्या घोटानंतर 6 ते 24 तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड. फिट आली तर बहुतेक वेळा पहिल्या 48 तासांत. भास, ताप, दिवस-जागेचं भान सुटणं हे 48 ते 96 तासांत, आणि हाच प्रकार जीव घेतो. भिंतीवर माणसं दिसू लागली की गाऱ्हाणं नंतर, आधी रुग्णवाहिकेसाठी 108.

पूर्वी फिट किंवा असा भ्रम झालेला, कावीळ असलेला, पोटात पाणीही न टिकणारा, झोपेच्या गोळ्यांची सवय असलेला, किंवा घरात शुद्धीवरचं मोठं माणूसच नाही असा : यांची घरी सोडवायची नाही. बांबोळीची मानसोपचार संस्था किंवा जिल्हा इस्पितळ गाठावं.

बाकीच्यांनीही आधी डॉक्टरला दाखवावं. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम या मेंदू शांत करणाऱ्या गोळ्या सुरू करून त्यांची मात्रा साधारण 5 ते 7 दिवसांत उतरवत बंद करतात. यकृत खराब असेल तर बहुधा लोराझेपाम देतात. मात्रा डॉक्टर ठरवणार, शेजाऱ्याची चिठ्ठी चालणार नाही. गोळ्या घरच्यांच्या ताब्यात ठेवून एका वेळी एकच मात्रा हातात द्यावी. मधेच प्यायला तर गोळी थांबवून डॉक्टरला फोन करा, कारण दोन्ही मिळून श्वास मंदावतो. डॉक्टर मिळेपर्यंत रोज पिणाऱ्याची दारू एका दिवसात तोडू नका. ऐकायला विचित्र वाटेल, पण हेच सुरक्षित आहे.

आणि थायमिन, म्हणजे ब-1 जीवनसत्त्व, विसरू नका. अशक्त दिसला की थेट ग्लुकोजची बाटली लावणं ही जुनी खोड. थायमिन कमी असताना नुसतं ग्लुकोज गेलं तर डोळ्यांची हालचाल बिघडते, चाल लटपटते, माणूस गोंधळतो, आणि स्मृती कायमची जाऊ शकते. म्हणून थायमिन आधी, तेही सुरुवातीला बहुधा इंजेक्शनने.

फार्मसी_काउंटर
पावडर नको. आत काय आहे ते पाकिटावर लिहिलेलं नसतं. डायसल्फिराम असेल तर दारूचं विघटन अर्ध्यावर अडतं, अ‍ॅसिटाल्डिहाइड साचतं : चेहरा लाल, उलट्या, रक्तदाब कोसळतो. हृदयरोग्याला ते जिवावर बेतू शकतं. हे औषध चांगलं आहे, पण माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, शेवटच्या घोटानंतर किमान 12 तासांनी आणि घरच्यांसमोर घ्यायचं. बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत दारूची प्रतिक्रिया येऊ शकते. अल्कोहोल असलेलं कफ सिरपही टाळायचं.

ओढ कमी करायला नाल्ट्रेक्सोन 50 मिग्रॅ रोज एक (अफूजन्य वेदनाशामक चालू असेल तर नाही), किंवा अकॅम्प्रोसेट 333 मिग्रॅच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा, मूत्रपिंड तपासून. यकृत फारच बिघडलं असेल तर डॉक्टर बॅक्लोफेनचा विचार करतात.

कलम_फोंडा
जबरदस्तीबद्दल. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्ये दारू-ड्रग्जच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितीही येते. संमतीने दाखल होणं कलम 86. स्वतःहून निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तर कलम 89 : नामनिर्देशित प्रतिनिधीचा (रुग्णाच्या वतीने बोलणाऱ्या व्यक्तीचा) अर्ज, दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी, मुदत 30 दिवसांपर्यंत. रात्री चार माणसं पाठवून उचलून नेणं यात बसत नाही. साखळदंड कलम 95 ने बंद. केंद्र निवडताना नोंदणी प्रमाणपत्र मागा, मनोविकारतज्ज्ञ किती वेळा येतात ते विचारा. घरच्यांशी बोलू देत नाहीत म्हणाले तर दुसरं केंद्र शोधा.

सत्तरीकर
आभारी आहे. पण चवथीनंतर पुन्हा सुरू होते, त्याचं काय?

मात्रा_म्हापसा
गोळ्यांचे सात दिवस हा उपचार नव्हे, फक्त शरीर शांत करणं. खरं काम नंतर. महिनाभर बंद राहिला की सहनशक्ती उतरते, म्हणून पूर्वीच्या दोन क्वार्टर एकदम घेतल्या तर तो कोसळेल. चवथीचे दिवस, पगाराची तारीख, बारचा रस्ता यांचं नियोजन आधीच लिहून ठेवायचं, तपासणीची तारीखही.

सगळ्यांना एकच औषध नको. ऑडिट या दारूच्या सवयी तपासणाऱ्या प्रश्नावलीतले दहा प्रश्न विचारा, गुण 0 ते 40. 20 किंवा त्याहून जास्त आले तर मनोविकारतज्ज्ञ. त्याच्या खालच्या, घातक पातळीवर पिणाऱ्यांसाठी गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत संगाथ या संस्थेच्या गटाने साध्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून चारपर्यंत बैठका घेऊन पाहिल्या. निष्कर्ष 2017 च्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आहेत आणि फरक दिसला होता. फोनवर सल्ला हवा तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन या गटाच्या बैठकी वेगळ्या असतात. नवरा येवो न येवो, बायकांनी जावं.