उ: नियम केले तरी पळवाटा निघतातच
नव्या इमारतींत पाणी तापवायला सोलर हीटर सक्तीचे करण्याबद्दल "कितीही नियम करा, बिल्डर पळवाट काढतोच" हे वरचं म्हणणं अर्धंच पटलं. बार्सिलोनाने २००० साली मोठ्या नव्या इमारतींना गरम पाण्यासाठीची ६० टक्के ऊर्जा सूर्यापासून घेणं सक्तीचं केलं. तिथल्या बिल्डरांना हौस होती असं नाही, पण बांधकाम परवानगीच त्याला जोडलेली होती. २००६ मध्ये स्पेनने तशीच अट देशभरच्या बांधकाम नियमांत घातली.

खरी गोची नंतरची आहे. आमच्या सोसायटीत बिल्डरने सोलर हीटर बसवले, पूर्णत्वाचा दाखला घेतला आणि तो मोकळा झाला. आता पाइप गळतात, खर्च कोणाचा यावर दर सर्वसाधारण सभेत भांडण, आणि घरोघरी गीझर चालू. परवानगीतच पाच वर्षांची देखभाल बिल्डरच्या गळ्यात मारली, तर निदान पाइप तरी बरे वापरतील.