मदत हवी आहे: चार्टची व्याख्या देणाऱ्या टूलचं वर्णन कसं लिहावं?

नमस्कार मंडळी. आमच्या अ‍ॅनालिटिक्स प्रॉडक्टसाठी एमसीपी सर्व्हर (एआय मॉडेलला आमची टूल्स वापरू देणारा दुवा) तयार झालाय आणि त्याचं डॉक्युमेंटेशन माझ्याकडे आलंय. त्यातलं एक टूल चार्टचा आयडी घेतं आणि व्याख्या परत करतं: कोणते इव्हेंट, कोणते फिल्टर, ग्रुप-बाय (गट पाडणं) कशावर, तारखांची रेंज काय. प्रत्यक्ष आकडे ते देत नाही. त्यासाठी वेगळं क्वेरी टूल आहे.

घोळ इथेच होतो. ‘गेल्या महिन्यात साइनअप किती झाले?’ असं विचारलं की एजंट (टूल्स वापरून काम करणारं एआय मॉडेल) व्याख्येचं टूल कॉल करतो आणि फिल्टरमध्ये दिसलेली एखादी संख्याच उत्तर म्हणून ठोकून देतो, तेही मोठ्या आत्मविश्वासाने! टूल निवडताना मॉडेलसमोर मुख्यतः नाव, वर्णन आणि इनपुटची जेसन स्कीमा (टूलला कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याचा आराखडा) असते. आमची देखणी हेल्प पेजेस त्याच्या गावीही नसतात. म्हणजे सांगायचं ते वर्णनातच सांगायला हवं. पण किती? प्रत्येक वर्णन कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे मॉडेल एका वेळी वाचू शकतं त्या मर्यादित मजकुरात, जागा खातं.

‘हे टूल आकडे देत नाही’ अशी नकारार्थी सूचना कुणाकडे खरंच चालली का, की सरळ नावच बदलावं? चार्टच्या लिंकमधून आयडी कसा काढायचा हे टूलच्या वर्णनात लिहिता की पॅरामीटरच्या (इनपुटमधल्या आयडीच्या रकान्याच्या)? आणि आयडी चुकला तर एररमध्ये काय लिहिता? माझ्या मते तिथेच ‘आधी चार्ट शोधण्याचं टूल वापरा’ असं सांगणं लांबलचक वर्णनापेक्षा बरं. टीमला ते पटत नाहीये. कुणाकडे चालू वापरातलं वर्णन असेल तर नमुना टाका, प्लीज.